तीस फुटांवरची सिगार

हरकतरावांनी आयुष्यात एकच सिगार ओढली. ती ओढायला त्यांना पाच दिवस, एक अर्ज, वाळूच्या तीन बादल्या, एक बंब आणि वीस बिऱ्हाडं लागली. एवढ्या तयारीत लोक मुलीचं लग्न उरकून वर चार दिवस फिरूनही येतात.

हरकतराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. अग्निशमन कार्यालयात ते हेडक्लार्क होते. कुणाला इमारत बांधायची असो की नुसतं दुकान थाटायचं असो, आगीच्या दृष्टीने हरकत नाही असा दाखला त्यांच्या टेबलावरून सुटत असे. सुटत असे म्हणजे सहजासहजी सुटत नसे. जिना चार बोटं अरुंद आहे, दार आत उघडतं ते बाहेर उघडलं पाहिजे, बादलीत वाळू आहे पण बादलीवर ‘वाळू’ असं लिहिलेलं नाही, अशा हरकती काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लाच खात नसत, त्यामुळे तर लोकांचा आणखीच संताप होई. संध्याकाळी घरी आले की ते सोसायटीचे सेक्रेटरी होत. जिन्यात, गच्चीवर, अंगणात, मीटरच्या खोलीच्या आत आणि बाहेर अशा एकंदर अकरा ठिकाणी त्यांनी ‘धूम्रपान करू नये’ अशा पाट्या लावल्या होत्या. एकट्या लिफ्टमध्ये दोन होत्या. एक वर जाणाऱ्यांसाठी आणि एक खाली येणाऱ्यांसाठी, असं समोरच्या दारातले विमावाले म्हणत.

अशा माणसाच्या खिशात सिगार आली कुठून, हे आधी सांगायला हवं.

हरकतरावांच्या बायकोच्या फुप्फुसाला सूज आली आणि तेवीस दिवस ती इस्पितळात होती. भेटायची वेळ सोडली तर हरकतराव बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसत. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक पेंटर बसे. पाट्या रंगवणारा. त्याची आई पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. पहिले तीन दिवस दोघं एकमेकांकडे पाहून नुसती मान हलवत. चौथ्या दिवशी पेंटरने खिशातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला, त्यातली एक सिगार नाकाशी धरून डोळे मिटून हुंगली आणि परत ठेवून दिली. हरकतरावांच्या अंगातला हेडक्लार्क खडबडून जागा झाला.

“इथे धूम्रपानाला मनाई आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे की,” पेंटर म्हणाला. “ती पाटी मीच रंगवलीय.”

निघालं असं, की हरकतरावांच्या खात्याच्या सगळ्याच पाट्या हा पेंटर रंगवत असे. “पाटी झाली की वाळेपर्यंत तिथेच थांबावं लागतं, कुणी हात लावू नये म्हणून,” त्याने सांगितलं. “तेवढ्यात एक सिगार होते. बरोबर तेवढाच वेळ लागतो. मागच्या वर्षी तुमच्याकडून ‘धूम्रपान करू नये’ चाळीस आल्या. चाळीस सिगारी झाल्या. फार सुखाचं वर्ष गेलं साहेब.”

हरकतरावांना हा समस्त खात्याचा अपमान वाटला. ते त्या दिवशी पेंटरशी बोलले नाहीत. पण इस्पितळाच्या बाकावर अबोला फार टिकत नाही, कारण दुसरं करण्यासारखं काही नसतं. हळूहळू दोघं एकमेकांच्या डब्यातलं खाऊ लागले. एकमेकांच्या माणसाचा ताप किती, हे त्यांना पाठ होऊ लागलं. नावं मात्र दोघांनीही विचारली नाहीत. ते राहूनच गेलं.

सतराव्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि हरकतरावांना म्हणाले, “उद्यापर्यंत पाहू.” हरकतराव बाकावर येऊन बसले. ‘पाहू’ हा शब्द त्यांनी स्वतः तीस वर्षं फायलींवर लिहिला होता. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

पेंटर जवळ सरकला. त्याने डबा उघडला आणि एक सिगार हरकतरावांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. “भारीतली नाही हं. हलकी आहे, स्वस्तातली आहे, नवशिक्याला झेपते. भारीतली असती तर तुम्ही जपून ठेवली असती. ही ओढायला आहे. तुमचं माणूस घरी गेलं की ओढायची. निवांत बसून, शेवटपर्यंत. घाईघाईत चार झुरके मारून फेकली, तर ते चालत नाही.”

कुणाला चालत नाही, असं हरकतरावांनी विचारलं नाही. एरवी विचारलं असतं आणि कोणत्या नियमाखाली चालत नाही, तेही मागितलं असतं. त्या दिवशी त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, “ओढतो. शब्द दिला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तो औषधाने उतरला हे हरकतरावांना कळत होतं. औषधांची यादी त्यांच्याकडे तारखेनिशी होती. पण बाकावर सतरा दिवस बसलेल्या माणसाचं डोकं यादीप्रमाणे चालत नाही. आपण शब्द दिला आणि ताप उतरला, एवढंच त्या डोक्यात पक्कं बसलं.

बुधवारी बायको घरी आली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, “सोमवारी छातीचा फोटो काढून दाखवायला आणा. तोवर धूर, धूळ, रंगाचा वास यापासून लांब ठेवा.”

“लांब म्हणजे किती?” हरकतरावांनी विचारलं.

“म्हणजे लांब हो.”

“आकडा सांगा.”

डॉक्टरांच्या मागे अकरा पेशंट उभे होते. “तीस फूट धरा,” ते म्हणाले. हरकतरावांनी ते कागदावर लिहून घेतलं.

आता मुद्दा असा होता, की सोमवारच्या आत सिगार ओढून व्हायला हवी होती. शब्द पाळलेला नसताना तो फोटो बघायची हरकतरावांची छाती नव्हती. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. चुलीसमोरसुद्धा वाळूची बादली ठेवणारा नवरा अशा गोष्टीवर विश्वास ठेवतो, हे तिला कळलं असतं तर उरलेला जन्म तिने त्यावर काढला असता.

निदान पूर्वीची ती असती तर काढला असता. आजारापूर्वी तिचा आवाज असा होता, की तिने स्वयंपाकघरातून “अहो” म्हटलं की खालच्या मजल्यावरचे दोन नवरे दचकून उठत. हरकतराव तीस वर्षं तिला “जरा हळू बोल” म्हणत आले होते. आता ती कुजबुजल्यासारखी बोले, तेही चार शब्द झाले की दम खायची. उशाशी एक छोटी घंटा ठेवली होती. हाक मारायच्या जागी ती घंटा वाजवायची. घंटा वाजली की हरकतराव धावत, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटे, यापेक्षा ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं.

बुधवारीच पहिली अडचण आली. सिगार ठेवायची कुठे? हरकतरावांनी विमावाल्यांना आडवळणाने विचारलं, “समजा, एखाद्या गृहस्थाकडे एक सिगार आहे. ती त्याने कशी सांभाळावी?”

विमावाल्यांनी डोळे बारीक केले. “त्या गृहस्थाने ती फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर वाळते. पण मला सांगा, त्या गृहस्थाच्या पॉलिसीत ‘धूम्रपान करता का’ यापुढे ‘नाही’ लिहिलंय ना?”

“एकच आहे हो.”

“एक ओढली की तुम्ही धूम्रपान करणारे झालात. म्हणजे ते गृहस्थ झाले. तसं कळवायला लागेल. पुढच्या महिन्यात परत न करणारे झालात, की तसंही कळवायला लागेल. दोन फॉर्म.” आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पण कसली आहे? बघू तरी.”

सिगार भाजीच्या कप्प्यात काकड्यांच्या मागे गेली. संशय नको म्हणून हरकतरावांनी ती कागदात गुंडाळून वर ‘कार्यालयीन’ असं लिहिलं. गुरुवारी सकाळी घंटा वाजली.

“अहो,” बायको कुजबुजली, “काकड्यांच्या मागे... ऑफिसचं काय आहे?”

“नमुना.”

“कसला?”

“ज्वलनशील पदार्थाचा,” हरकतराव म्हणाले. ते खोटं बोलत नसत. बायकोने मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे जरा हलल्यासारखे वाटले, पण खोकला असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

घरात तर ओढता येत नव्हतीच. अख्खं घर टोकापासून टोकापर्यंत अठ्ठावीस फूट होतं. म्हणून गुरुवारी ते नमुना घेऊन ऑफिसला गेले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या आवारात, बंब उभे असतात तिथे, एका टायरच्या आडोशाला उभे राहून त्यांनी सिगार तोंडात धरली. समोर तीन भाषांत पाटी होती. खाली सही त्यांचीच होती. स्वतःच्या सहीकडे पाहत नियम मोडणं किती कठीण असतं, हे ज्याने सही केली नाही त्याला कळायचं नाही. तेवढ्यात बंबाचा ड्रायव्हर आला.

“साहेब, तुम्ही?”

“तपासणी करतोय,” हरकतराव सिगार तोंडात धरूनच म्हणाले.

“पेटत नाही का?”

“पेटू नये, हेच तपासतोय.” आणि ते ताठ मानेने निघून गेले. ड्रायव्हर बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होता.

शुक्रवारी ते सार्वजनिक बागेत गेले. नऊ नियमांचा फलक दारातच होता. मसुदा हरकतरावांचाच होता आणि सहावा, धूम्रपानबंदीचा, नियम त्यांचा विशेष लाडका होता. तरीही मन घट्ट करून ते कोपऱ्यातल्या बाकाकडे निघाले, तर माळीकाकांनी त्यांना ओळखलं. “या या साहेब! मागे तुम्ही सांगितलंत तशा सगळ्या बादल्यांवर ‘वाळू’ लिहिलंय बघा!” त्यांनी मोठ्या अभिमानाने साहेबांना चौदा बादल्या हिंडून दाखवल्या, वहीत शेरा लिहून घेतला आणि निघताना हातात फुलं दिली. अंधार पडायच्या आत हरकतराव फुलं आणि सिगार घेऊन घरी आले. बायकोला फुलं दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती इतकी घाबरली, की तिने कुजबुजत विचारलं, “डॉक्टरांनी... काही वेगळं सांगितलंय का?”

उरली गच्ची. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असे आणि ‘गच्ची वापर अर्ज’ भरल्याशिवाय ती द्यायची नाही, असा सेक्रेटरींचा हुकूम होता. शनिवारी हरकतरावांनी वॉचमनला बाजूला घेऊन किल्ली मागितली.

“अर्ज?” वॉचमन म्हणाला.

“अरे, मीच सेक्रेटरी आहे.”

“हो साहेब. तुम्हीच म्हणाला होतात, मी जरी मागितली तरी द्यायची नाही.”

हरकतरावांना एकाच वेळी त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. अर्ज भरायला बसले. कारण: वैयक्तिक. व्यक्तींची संख्या: एक. ज्वलनशील वस्तू असल्यास तपशील: इथे त्यांचं पेन अडखळलं. या रकान्याला ‘निरंक’ लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना त्यांनी परत पाठवलं होतं. त्यांनी लिहिलं: ‘सिगार, नग एक, सौम्य.’ अर्जावर सेक्रेटरीची सही हवी होती, पण स्वतःच्या अर्जावर सही करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा अध्यक्षांकडे जाणं आलं. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर.

त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, “आ करा.”

“अहो, सही...”

“आधी आ करा.” पाच मिनिटं तोंडात आरसा फिरवून त्यांनी धूम्रपानाने हिरड्यांचं काय होतं यावर एक व्याख्यान दिलं. सही केली. आणि मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, “टोक कापलंय का? कापायला लागतं. नाहीतर ओढत बसाल आणि हवा येणार नाही. आणा इकडे.” हातमोजे घालून, दिव्याचा झोत पाडून, दाढ काढावी इतक्या गांभीर्याने त्यांनी सिगारचं टोक कातरीने उडवलं. “आणि लक्षात ठेवा, धूर गिळायचा नाही. तोंडात खेळवायचा, सोडायचा. चूळ भरल्यासारखं.”

संध्याकाळपर्यंत सिगारची बातमी वीसही बिऱ्हाडांत पोहोचली होती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण सल्ला देऊ लागला. कुणी म्हणालं काडीने पेटवा, लायटरने वास लागतो. कुणी म्हणालं वाऱ्याकडे पाठ करा. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई तर म्हणाल्या, “तुमचं असं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं हो,” आणि डोळ्याला पदर लावला. नेमकं काय बघितल्यामुळे त्या हेलावल्या, ते हरकतरावांना कळलं नाही. फक्त आपल्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही, एवढ्या एका समाधानावर ते झोपले.

रविवारी सकाळी दहा वाजता वाळूच्या तीन बादल्या आणि एक खुर्ची घेऊन ते गच्चीवर गेले. ऊन कोवळं होतं, पण वारा असा सुटला होता की काडी पेटायच्या आत विझत होती. एक, दोन, सात, अकरा. बाराव्या काडीला हरकतराव जरा आडोसा म्हणून जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत शिरले, दार लोटलं, काडी पेटवली आणि एक भला मोठा झुरका घेतला. दातांच्या डॉक्टरांचा सल्ला आठवेपर्यंत धूर छातीत गेला होता. ते असे खोकले, की खोली धुराने भरून गेली.

त्या खोलीत छतावर धूर ओळखणारं एक यंत्र होतं. कायद्याने ते एवढ्या लहान खोलीत लागत नव्हतं. हरकतरावांनी हट्टाने बसवून घेतलं होतं.

यंत्राने आपलं काम केलं. पाचही मजल्यांवर भोंगे वाजू लागले. हरकतराव सिगार हातात घेऊन कठड्याशी धावले आणि खाली वाकून “काही नाही! काही नाही!” असं ओरडू लागले. भोंग्यात ते कुणालाही ऐकू गेलं नाही. आणि मग त्यांनी पाहिलं ते असं.

प्रत्येक मजल्यावर काचेच्या चौकटीत त्यांनी एक तक्ता लावला होता. आग लागली तर कुणी काय करायचं, कुणी कुणाला न्यायचं, कुठे जमायचं. वर्षातून दोनदा ते त्याची तालीम घेत आणि लोक नाकं मुरडत. त्या तक्त्याप्रमाणे लोक बाहेर पडत होते. न ढकलता, भिंतीकडेने. वॉचमन फाटक सताड उघडून फोन करत होता. लिफ्टला कुणी हात लावला नव्हता. आणि जिन्याच्या दारातून विमावाले आणि दातांचे डॉक्टर एक खुर्ची उचलून आणत होते. खुर्चीत शाल पांघरून हरकतरावांची बायको होती. ‘तिसरा मजला, रुग्ण’ या ओळीपुढे याच दोघांची नावं होती. विमावाल्यांची पाठ गेली दोन वर्षं धरलेली होती, हे हरकतरावांना माहीत होतं. पाय चुकू नये म्हणून शिकवणीवाल्या बाई पुढे उलट्या चालत होत्या.

 सिगार बादलीतल्या वाळूत खुपसावी की काय करावं, काही सुचेना. जेमतेम एक झुरका झाला होता. ती तशीच हातात धरून ते पाच मजले धावत उतरले.

अंगणात सगळी बिऱ्हाडं क्रमाने उभी होती. हरकतराव धापा टाकत आले तेव्हा भोंगे थांबले होते आणि त्यांच्या हातातून एक बारीक धुराची रेघ वर जात होती. चाळीसएक माणसं त्या रेघेकडे पाहत होती. त्यांनी हात पाठीमागे नेला, तर धूर डोक्यामागून वर येऊ लागला. इतकी फजिती त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. हरकतराव जिन्याच्या दाराशीच थबकले. खुर्चीतून बायको हळूच काहीतरी म्हणाली. डॉक्टरांनी खाली वाकून ऐकलं आणि सर्वांना सांगितलं, “वहिनी विचारतायत, पेटली का?”

तिला गुरुवारपासूनच माहीत होतं; काकड्यांमागचं पुडकं तिने उघडून पाहिलं होतं.

एवढ्यात घंटा घणघणत बंब आला. ड्रायव्हर तोच. त्याने उडी मारली. “साहेब, आग कुठे आहे?” हरकतरावांनी हात पुढे करून सिगार दाखवली. ड्रायव्हरने ती बघितली, साहेबांकडे बघितलं आणि अहवालाचा कागद काढला. “कारण काय लिहू?”

“काही लिहू नका.”

“तसं चालत नाही साहेब. तुम्हीच सक्तीचा केलाय तो रकाना. ‘माहीत नाही’ लिहिलं की तुम्ही परत पाठवता.”

मग हरकतरावांना सांगावं लागलं. आधी ते पायांकडे बघत सांगत होते. बाक सांगितला, पेंटर सांगितला, ‘उद्यापर्यंत पाहू’ सांगितलं. “शब्द दिला होता,” ते म्हणाले. “आणि उद्या फोटो आहे. म्हणून.”   विमावाले पाठ चोळायचे थांबले.

ड्रायव्हरने रकान्यावरून पेन फिरवलं. “इथे शॉर्ट सर्किट, गॅस आणि इतर असे तीनच आहेत,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी ‘इतर’वर खूण करतो.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “अंगणातली पाटी अर्ध्या तासापुरती स्थगित करावी, असा ठराव मी मांडतो. कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती. हरकतराव तोंड उघडणार होते, पण शिकवणीवाल्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं. मग एकच गडबड उडाली. विमावाल्यांनी रुमाल धरून वारा बघितला. ड्रायव्हरने बंबातला मोठा टेप आणला. वहिनींच्या खुर्चीपासून तीस फूट मोजून फाटकाशी खडूची रेघ मारली आणि रेघेपलीकडे वॉचमनने आपलं स्टूल ठेवलं. हरकतराव त्यावर बसले. सिगार विझायला आली होती. ड्रायव्हरने आपली काडी ओढून ती पुन्हा पेटवून दिली. अग्निशमन खात्याच्या माणसाने सरकारी वेळेत आग लावल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

यावेळी त्यांनी धूर गिळला नाही. तोंडात घोळवला आणि सोडला. कडू लागेल असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. वाळलेल्या पानांसारखी, सुताराच्या दुकानात शिरल्यावर येते तशी चव होती, आणि मागून भाजलेल्या कॉफीचा थोडा वास. ओठांना किंचित गोड लागत होतं. धूर घाई न करता वर जात होता. आणि सिगारचं असं होतं, की ती घाई करूच देत नव्हती. भराभर ओढली की तापायची, थांबून राहिलं की विझायला बघायची. एक झुरका घ्यायचा आणि मग थोडा वेळ बसायचं, एवढंच. हरकतरावांना एवढंच कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. त्यांना पेंटर आठवला. रोज तिसऱ्या पाळीला आली की मुद्दाम व्हरांड्यात येऊन “आज जरा बरं आहे हं” सांगून जाणारी नर्स आठवली. समोर बघितलं तर चाळीस माणसं उन्हात उभी होती. ज्यांच्या प्रत्येक कामात त्यांनी खोडा घातला होता, त्याच माणसांनी त्यांची बायको खुर्चीत घालून तीन मजले उतरवली होती. हरकतरावांचे डोळे भरून आले. धुराने, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून “स्वच्छ आहे” असं म्हटलं, ते इथेच सांगून टाकतो. उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

तिकडे बायको काहीतरी म्हणाली. तिचा आवाज तीस फूट येणं शक्य नव्हतं, म्हणून विमावाले मध्ये उभे राहिले आणि निरोप पोहोचवू लागले.

“वहिनी विचारतायत, कशी आहे?”

“हलकी आहे म्हणावं.”

“वहिनी, म्हणतायत डोकं हलकं झालंय!”

“तसं नाही हो!” हरकतराव म्हणाले. “सिगार हलकी आहे. तिला म्हणावं... तिला म्हणावं, की...” आणि ते अडले. जे सांगायचं होतं ते विमावाल्यांच्या हाती पाठवण्यासारखं नव्हतं. ते पुटपुटले. विमावाले म्हणाले, “ऐकू नाही आलं.” ते पुन्हा पुटपुटले. तिकडून बायकोने कानाला हात लावून मान हलवली.

जवळ जावं तर हातात सिगार. सिगार टाकावी तर शब्द मोडतो. खडूची रेघ ओलांडणं तर त्यांच्या हातून मेल्यावरही झालं नसतं. शेवटी हरकतराव स्टुलावरून उठले, रेघेशी पावलं जुळवून उभे राहिले आणि तीस वर्षांत जे स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा म्हटलं नव्हतं ते सबंध अंगणाला, बंबाला आणि रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

“मी फार घाबरलो होतो! तू घरी आलीस, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे!”

‘आभारी आहे’ हे जरा पत्राच्या शेवटी लिहितात तसं झालं, हे त्यांनाही कळलं. पण हसलं कुणी नाही. विमावाले निरोप न पोहोचवताच बाजूला झाले.

 बायकोने खुर्चीचे हात धरले, सावकाश उभी राहिली, छातीत हवा भरून घेतली, आणि महिनाभर कुणी ऐकली नव्हती ती हाक फाटकापर्यंत आली.

“अहो!”

दुसऱ्या मजल्यावरचे दोन नवरे दचकले. हरकतरावांच्या हातून सिगार पडता पडता राहिली.

“परत सांगा!”

“ऐकू नाही आलं का?” ते ओरडले.

“आलं की!” ती म्हणाली. “परत सांगा.”

हरकतरावांनी परत सांगितलं.